डिजिटल चलनाच्या सुट्या एककांची नावे

डिजिटल चलनाचे अखंड नाणे रोजच्या देवघेवीला फार मोठे ठरू लागले, की त्याच्या बारीक भागांना तोंडात बसतील अशी नावे लागतात. ‘शून्य दशांश शून्य शून्य शून्य दोन’ असे म्हणत पुण्याच्या मंडईत कोणी कोथिंबिरीची जुडी घेणार नाही.

२००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग दहा कोटीवा. त्याला सातोशी म्हणतात. बिटकॉइनच्या निर्मात्याच्या सातोशी नाकामोतो या टोपणनावावरून हे नाव वापरणाऱ्यांनीच पाडले आणि ‘सॅट’ असे आखूडही केले. शंभर सातोशींचा ‘बिट’ मात्र नीट रुजला नाही. संगणकात त्या शब्दाला आधीच दुसरा अर्थ आहे. मराठी हिशेबाला एक सोय आयती मिळते: लाख सातोशी म्हणजे बिटकॉइनचा बरोबर हजारावा भाग. इथर या दुसऱ्या डिजिटल चलनात वेई (त्याचा सर्वांत लहान भाग), सॅबो, फिनी ही नावे वेई दाई, निक सॅबो, हॅल फिनी या संगणकतज्ज्ञांवरून आली. त्यांतली सॅबो आणि फिनी मागे पडली. व्यवहारशुल्क गीवेईत, म्हणजे अब्ज वेईंच्या मापात, सांगतात. म्हणून तोंडी राहिला तो गीवेई.

माणसाच्या नावाचे नाणे पुण्याला नवे नाही. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई पेशवाईतही चालत होती. पुढे रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे असा हिशेब रुळला आणि दोन आण्यांची चवली, चारांची पावली, आठांची अधेली झाली. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा खरी चाळणी लागली. पंचवीस आणि पन्नास पैसे चार आणे, आठ आणे म्हणून बोलण्यात टिकले, कारण हिशेब तंतोतंत जुळत होता. एक आणा सव्वासहा पैशांचा आणि चवली साडेबारांची पडू लागली, त्यामुळे बाजारातून ती नावे गेली. सरकारी ‘नवा’ हे विशेषणही १९६४ मध्ये गळाले. पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, तरी डोक्याने ‘पावली कमी’ असलेली माणसे शहरात अजून आहेत. वजनातही हेच: शेर गेला, पण अडीचशे ग्रॅम भेंडी ‘पावशेर’च मागितली जाते.

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ ला किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेल्या ई-रुपयापुढे, म्हणजे डिजिटल रुपयापुढे, नव्या नावांचा हा प्रश्न आलाच नाही. त्याची मूल्ये नोटा-नाण्यांचीच ठेवली आहेत.