बिस्मार्क पाम : ऋतूनुसार पाणी

बिस्मार्क पाम हा रुपेरी-निळसर पानांचा, पंख्यासारख्या झावळ्यांचा शोभिवंत पाम. शास्त्रीय नाव बिस्मार्किया नोबिलिस. बिस्मार्किया प्रजातीत ही एकच जाती आहे आणि ती मूळची मादागास्कर बेटाच्या पश्चिम व उत्तर भागांतील उघड्या गवताळ माळांवरची. १८८१ मध्ये योहान मारिया हिल्डेब्रांट व हेर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जर्मनीचे चॅन्सेलर ओटो फोन बिस्मार्क यांचे नाव तिला दिले. ताड हा तिचा जवळचा नातलग. नर व मादी झाडे वेगळी असतात. पान तीन मीटरपर्यंत रुंद होते, त्यामुळे आज उष्ण प्रदेशांतील मोठ्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला हा पाम मुद्दाम लावला जातो. ‘याला पाणी लागत नाही’ अशी त्याची ख्याती आहे. ती अर्धीच खरी आहे, आणि कोवळी झाडे बहुधा याच समजुतीपायी वाळतात.

पश्चिम मादागास्करमध्ये पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो, पुढचे सहा महिने कोरडे जातात. माळावर वणवेही लागतात. या परिस्थितीत टिकण्याची तयारी बी रुजतानाच सुरू होते. बीमधून निघालेला देठासारखा भाग आधी सरळ खाली जमिनीत शिरतो आणि रोपाचा कोंब त्या खोलीवरून वर येतो. पुढची काही वर्षे वाढीचा बिंदू जमिनीखाली किंवा जमिनीलगतच राहतो. खोड उंच होण्याआधी बुंधा आपली पूर्ण जाडी गाठतो. पानांवरच्या मेणाच्या थराने बाष्पोत्सर्जन कमी होते, खोडाच्या मऊ ऊतीत पाणी साठते. तरीही काटकपणाचा मुख्य आधार मुळे हाच आहे. दुष्काळात हा पाम तग धरतो, कारण त्याची मुळे ओल असलेल्या थरापर्यंत पोचलेली असतात. नुकत्याच लावलेल्या रोपाची मुळे तिथवर गेलेली नसतात, म्हणून त्याच्याकडे तो गुणही नसतो.

लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पाणी द्यायचे ते मुळांच्या गड्ड्याला. भोवतीची जमीन ओली दिसली तरी कुंडीतल्या हलक्या मिश्रणाचा गड्डा आतून कोरडा राहू शकतो, कारण बाजूची चिकण माती ओलावा ओढून घेते. म्हणून आळे सुरुवातीला गड्ड्याएवढेच ठेवावे आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवत न्यावे. उन्हाळी लागवडीत पहिले काही आठवडे एक-दोन दिवसांआड पाणी लागते. त्यानंतर दोन पाण्यांतले अंतर हळूहळू वाढवावे, पण प्रत्येक पाणी भरपूर द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडल्यास ओल वरच्या काही सेंटीमीटरमध्येच राहते, मुळेही तिथेच घुटमळतात, आणि पाणी बंद पडले की सगळ्यात आधी तोच थर तापून सुकतो.

किती पाणी द्यायचे, हे माती ठरवते. कोरड्या जमिनीवर पाच सेंटीमीटर उंचीचे पाणी मुरले, तर वाळूत ओल साधारण ६० सेंटीमीटर खोल जाते, मध्यम पोयट्यात ३० ते ४०, तर भारी चिकण मातीत जेमतेम २० ते २५. एक मीटर त्रिज्येच्या आळ्यात पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे १५७ लिटर. हा आकडा अनेकांना जास्त वाटतो, पण एका बादलीने या आळ्याचा वरचा थरच भिजतो. भारी मातीत एवढे पाणी एकदम न सोडता दोन-तीन टप्प्यांत द्यावे. ठिबक असेल तर एकच तोटी बुंध्याशी न ठेवता तोट्या वर्तुळात, बुंध्यापासून दूर असाव्यात. पुढचे पाणी तारखेवर अवलंबून ठेवू नये. लोखंडी सळई किंवा काठी मातीत खोचून पाहावी, आणि वरचा थर सुकून खाली वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी मध्यम ओल) असेल तेव्हाच पाणी द्यावे.

उन्हाळ्यात, उष्णता आणि कोरडा वारा एकत्र आल्यावर, मुळे धरलेल्या झाडालाही अधूनमधून खोल पाणी दिलेले चांगले. पाण्यावाचून असे झाड सहसा मरत नाही, पण नवीन पाने लहान आणि कमी येतात. पामच्या खोडाला साध्या वृक्षांसारखी दुय्यम वाढ, म्हणजे खोड नंतर जाड होत जाणे, नसते. दीर्घ ताणाच्या काळात खोड ज्या उंचीवर बारीक झाले, तिथे ते पुढे कधीच भरून येत नाही. कंबर आवळल्यासारखी ती खूण आयुष्यभर दिसते. पालापाचोळ्याचे आच्छादन उपयोगी, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये.

पावसाळ्यात प्रश्न उलटतो. पाणी देणे बंद करावे, आळ्याचा बांध फोडावा, पाणी तुंबत असेल तर चर काढावा. मुळांना हवा लागते. साचलेल्या पाण्यात ती गुदमरून कुजतात, आणि मग ओल्या जमिनीत उभे असलेले झाड तहानलेल्यासारखे दिसते. हे पाहून आणखी पाणी घालणे ही सर्रास होणारी चूक. पावसात मोठा खंड पडला, तर रोपांकडे लक्ष द्यावे. मुळे धरलेल्या झाडाला त्याची फिकीर नसते.

हिवाळ्यात वाढ मंदावते, मातीही उशिरा सुकते, म्हणून दोन पाण्यांतले अंतर दुप्पट-तिप्पट होऊ शकते. थंडी आणि ओल एकत्र येणे हे या पामचे खरे संकट. जिथे पाऊसच हिवाळ्यात पडतो तिथे म्हणूनच निचरा सर्वांत महत्त्वाचा. रुपेरी प्रकार हलके दव-हिम सोसतो, हिरव्या पानांचा प्रकार अधिक नाजूक असतो. थंडीत शेंड्यावर पाणी पडू देऊ नये. पामला वाढीचा बिंदू एकच. तो कुजला की झाड संपते. हिरवळीच्या तुषारसिंचनाच्या पट्ट्यात बिस्मार्क पाम लावणे म्हणूनच चुकीचे. शिवाय क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पानांवर बसतात आणि ज्या रुपेरी रंगासाठी झाड आणले तोच मळतो.

कुंडीतल्या पामला काटक म्हणण्यात अर्थ नाही. त्याची मुळे दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, कुंडीची भिंत उन्हात तापते आणि मिश्रण लवकर सुकते. कुंडी रुंदीपेक्षा खोल निवडावी. भोकांतून पाणी वाहेपर्यंत द्यावे आणि खालच्या बशीत साचलेले लगेच ओतून टाकावे. थंडीत वरचा एक तृतीयांश भाग सुकेपर्यंत थांबावे.

लक्षणे वाचताना घाई नको. पानांच्या पट्ट्या मिटणे, टोके करपणे, नवीन सुरळी उलगडायला वेळ लागणे ही तहानेची चिन्हे. मातीला आंबट वास येणे, सुरळी हलक्या ओढीने निघून येणे ही कुजण्याची. सर्वांत जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी अर्धपारदर्शक ठिपके दिसत असतील, तर बहुधा पालाश (पोटॅशियम) कमी पडले आहे. वाळूच्या जमिनीत जास्त पाण्याने पालाश धुऊन जाते, त्यामुळे पाणी वाढवल्यास हे ठिपकेही वाढतात.

मोठे झाड हलवणे जोखमीचे आहे. या पामला मुळे तुटलेली सोसत नाहीत आणि नवी मुळे बुंध्याच्या तळातून फुटावी लागतात. म्हणून काही महिने आधी एका बाजूची, नंतर दुसऱ्या बाजूची मुळे छाटून झाड तयार करतात. हलवल्यावर मात्र जुने-जाणते झाडही रोप समजून पुन्हा आळे, गड्डा आणि वाफसा यांपासून सुरुवात करावी लागते.