राजा एडवर्डचा वाडा, रॉदरहाइथ

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड (कारकीर्द १३२७–१३७७) याने थेम्सच्या दक्षिण काठावर बांधलेल्या खंदकी वाड्याचे अवशेष. हे संरक्षित स्थळ आज लंडनच्या सदर्क विभागात, बर्मंडसी आणि रॉदरहाइथ एकमेकांना भिडतात तिथे आहे.

खंदक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भुईकोट आणि वेढा येतो. इंग्लंडात मात्र अशी सुमारे ६,००० मध्ययुगीन खंदकी स्थळे ठाऊक आहेत, बरीचशी १२५० ते १३५० या काळातली, आणि त्यांतले बहुतेक खंदक लढाईपेक्षा मालकाचा रुबाब दाखवायला खणलेले. पाण्यात मासे पाळता येत, हा वरचा फायदा. रॉदरहाइथचा वाडा तर एका बाजूने चक्क उघडाच होता. तीन बाजूंना खंदक, उत्तरेला नदी; राजाची नाव थेट वाड्याशी लागे. शत्रूची धास्ती असणारा माणूस असे घर बांधत नाही.

वाडा १३५० च्या दशकात उभा राहिला. भोवती सखल, दलदलीचा मुलूख. मधल्या चौकाभोवती दगडी इमारती होत्या: मोठ्या शेकोटीचा दिवाणखाना, राजाची खासगी दालने, स्वयंपाकघर. पाणथळीतल्या पक्ष्यांवर ससाणे सोडण्यासाठी राजा इथे येत असावा, असा तर्क केला जातो. तो पटण्याजोगा आहे, पण तर्कच.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्तू खासगी हातांत गेली होती. सतराव्या शतकात तिथे मातीच्या भांड्यांचा कारखाना आला, पुढच्या दोन शतकांत गोदामे. १९७० च्या दशकात त्यांतली बरीचशी पाडली गेली आणि १९८० च्या दशकातील उत्खननात वाड्याच्या भिंती उघड्या पडल्या.

आज पाहायला जाल तर हिरवळीत बुटक्या दगडी भिंती दिसतात. खंदकात पाणी नाही. त्याची जागा गवतातल्या खोलगट पट्ट्यावरून ओळखायची. नदी आणि वाडा यांच्यामध्ये आता रस्ता आहे. पलीकडे काठावरच्या बाकावर गरिबांचे डॉक्टर आणि खासदार आल्फ्रेड सॉल्टर यांचा पुतळा बसलेला आहे. मूळ पुतळा २०११ मध्ये चोरीला गेला. २०१४ मध्ये नवा बसवला, तेव्हा शेजारी त्यांच्या पत्नी एडा यांचाही उभारला.