मेघालयच्या पावसाळी सहलीसाठी सामान भरताना

मेघालय सहलीची नोंदणी झाली की ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: एवढ्या पावसात जायचे, तर कपडे किती जोड घ्यावेत? भिजण्याच्या धास्तीने अनेक जण दिवसाला दोन जोड असा हिशेब करतात आणि मग चाकांची मोठी बॅगही अपुरी पडते. सात दिवसांच्या या सहलीला एक मध्यम आकाराची सॅक पुरते, असा आमचा अनुभव आहे. ती कशी भरावी, हे येथे सांगत आहोत.

सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातील चेरापुंजी, येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या तो सुमारे १५ पट आहे. थंडी मात्र लोक समजतात तेवढी नसते. सोहऱ्याची उंची साधारण महाबळेश्वरएवढीच असून जुलैमध्ये तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे जाड स्वेटर आणि शाली घरीच राहू द्याव्यात. अंगात टी-शर्ट, त्यावर फ्लीसचे पातळ जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारा रेनकोट एवढे पुरेसे आहे.

खरी अडचण कपडे वाळण्याची असते. हवा इतकी दमट असते की सुती कपडा खोलीत दोन दिवस टांगला तरी ओलसरच राहतो, आणि जीन्सची तर बातच सोडा. आमच्या एका पाहुण्यांची जीन्स पहिल्याच दिवशी धबधब्यापाशी भिजली. ती शेवटपर्यंत वाळली नाही, तिला कुबट वास येऊ लागला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले ते ओझे त्यांना थेट गुवाहाटी विमानतळापर्यंत वाहावे लागले. म्हणून पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या दोन पँट आणि तीन टी-शर्ट दिवसा वापरण्यासाठी घ्यावेत, आणि मोज्यांसह एक पूर्ण जोड केवळ रात्रीसाठी राखून ठेवावा. सकाळी दमट कपडे पुन्हा अंगात घालणे अगदी जिवावर आले, तरी हा कोरडा जोड घालून बाहेर पडू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

टर्किश टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. धुतलेला टी-शर्ट पंचावर पसरून दोन्हींची एकत्र घट्ट गुंडाळी करावी आणि ती दोन्ही टोकांकडून पिळावी. टी-शर्टातील बरेचसे पाणी पंचा ओढून घेतो आणि रात्रभर दोरीवर टांगलेला टी-शर्ट सकाळी घालण्याजोगा होतो. पंचाही सुतीच असला, तरी पातळ असल्यामुळे टॉवेलच्या मानाने लवकर सुकतो.

सॅकवर पावसाळी कव्हर असले, तरी पाठीच्या बाजूने आणि पट्ट्यांवरून पाणी आत उतरतेच. यासाठी सॅकमध्ये आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सर्व सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून बांधावे.

छत्री शिलाँगच्या बाजारात फिरताना ठीक आहे, परंतु तिरना गावापासून नोंगरियाटच्या, जिवंत झाडांच्या मुळांपासून घडवलेल्या दुमजली पुलाकडे जाताना तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या आणि परतताना तेवढ्याच चढाव्या लागतात, तेथे दोन्ही हात मोकळे हवेत. शेतात वाकून काम करणाऱ्या खासी स्त्रिया बांबू आणि पानांचे ‘क्नुप’ पाठीवर घेतात, ते याच कारणासाठी. आपल्या कोकणातील इरले पाहिलेल्यांना ते लगेच ओळखू येईल. या वाटेवर चामड्याचे बूट नकोत. रबरी तळव्याचे, चांगली पकड असलेले बूट घालावेत आणि मुक्कामी पोहोचताच त्यांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. जळवांसाठी पुरचुंडीभर मीठ जवळ असावे. जळू ओढून काढू नये, मीठ लावल्यावर ती आपणहून सुटते.

नेहमीची औषधे आणि पॉवर बँक विमानात हातातील पिशवीतच ठेवावीत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली सॅक पाठीवर घेऊन इमारतीचे चार मजले एकदा चढून-उतरून पाहावेत आणि त्यानंतर सॅक पुन्हा उघडून तिच्यातील काय काढता येईल ते ठरवावे. एखाद्या वस्तूबद्दल शंका असल्यास ती भरण्यापूर्वी आम्हाला अवश्य विचारावे.