'गृहाधारित'चा पर्याय कायद्यात आला कुठून? दिव्यांग मुलांच्या शालेय हक्काची पार्श्वभूमी

मुलाचं नाव हजेरीपटावर असतं, यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत, त्याची नोंद असते, पाठ्यपुस्तकांचा संच घरी पोचलेला असतो. मूल वर्गात मात्र बसत नाही. कागदोपत्री ते 'गृहाधारित', म्हणजे घरी राहून शिकणारं असतं. पालक विचारायला गेले की त्यांना सांगितलं जातं, हे कायद्यातच आहे. कायद्यात ते आहे हे खरं. पण ते तिथे कधी आणि कुणासाठी आलं, हे ठाऊक नसेल तर पालकाला पुढे बोलताच येत नाही.

विशेष शाळा आपल्याकडे जुन्या. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा १८८०च्या दशकातली, अंधांची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्या देणग्यांवर चालल्या, पुढे सरकारी अनुदान आलं तेही समाजकल्याण खात्यातून. दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्राची पहिली योजना १९७४ची. तीसुद्धा आधी कल्याण खात्याकडेच होती, शिक्षण खात्याकडे गेली १९८२ मध्ये. महाराष्ट्रात विशेष शाळा मात्र शिक्षण खात्याच्या बाहेरच राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा त्या तिकडे गेल्या. 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर पालकांना दोन्हीकडून ऐकावं लागतं, त्याचं मूळ या विभागणीत आहे.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. पण त्याच्या यादीत सातच प्रकार होते. स्वमग्नता (ऑटिझम) त्यात नव्हती, अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अडचण, नव्हती. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्र कायद्याच्या पुढे चालला: १९९०च्या दशकाच्या मध्यातच राज्याने दहावीसाठी वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित अशा सवलती दिल्या. त्यामागे मुंबईतल्या पालकांचा आणि डॉक्टरांचा रेटा होता. मात्र चाचण्या प्रामुख्याने इंग्रजीत आणि प्रमाणपत्र देणारी रुग्णालयं मोजकी, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल बरीच वर्षं 'ढ' याच शिक्क्याखाली राहिलं.

२००९चा शिक्षणहक्क कायदा आला तेव्हा दिव्यांग मुलांचा उल्लेख त्याने १९९५च्या कायद्यावर सोपवून दिला. म्हणजे त्या सात प्रकारांबाहेरची मुलं इथेही बाहेर. शिवाय खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव प्रवेशासाठीच्या वंचित घटकांत दिव्यांग बालकं नव्हती. देशभरातून आक्षेप घेतले गेले, दुरुस्ती झाली, आणि ती १ ऑगस्ट २०१२ पासून लागू झाली. राखीव प्रवेशाची उणीव तिने भरून काढली; व्याख्येत स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता मात्र तेव्हाही बाहेरच राहिली. आज महाराष्ट्रात दिव्यांग बालकाला उत्पन्नाचा दाखला न देता राखीव जागेसाठी अर्ज करता येतो, तो या दुरुस्तीमुळे.

त्याच दुरुस्तीत एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली 'परंतु'ची पुरवणी, आलं. बहुविकलांग (एकाहून अधिक दिव्यांगत्वं असलेल्या) आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचाही हक्क राहील, असं ते म्हणतं. या दोन्ही संज्ञांचे अर्थ १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून घेतलेले आहेत, आणि तिथे 'तीव्र' म्हणजे ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व.

या परंतुकावर तेव्हाच दोन तट पडले. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अंथरुणाला खिळलेलं मूल, रस्ता नसलेल्या पाड्यावरचं मूल, यांच्यासाठी शिक्षक घरी गेला नाही तर शिक्षणच नाही. सर्व शिक्षा अभियानात फिरत्या शिक्षकांमार्फत हे काम चालूही होतं, त्याला फक्त कायद्याचा आधार मिळणार होता. विरोध करणाऱ्यांनी विचारलं की रॅम्प, मदतनीस, वाहन देण्यापेक्षा मुलाला घरी ठेवणं शाळेला सोपं जाणार असेल, तर शाळा काय करेल? पुढच्या दहा-बारा वर्षांनी त्यांची भीती खरी ठरवली, असंच म्हणावं लागतं.

हक्क मुलाचा, निवड घरच्यांची, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निवड शाळेच्या कार्यालयात होते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर कोरा फुलस्केप पुढे सरकवला जातो आणि मजकूर सांगितला जातो: 'माझ्या पाल्यास शाळेत येणे शक्य नसल्याने त्यास घरीच शिक्षण द्यावे, यास माझी संमती आहे.' खाली आईची सही. मूल त्या वेळी बाहेर व्हरांड्यात धावत असतं. टक्केवारी कुणी पाहत नाही; ५० टक्क्यांचा दाखला असलेलं, दुसरं कुठलं दिव्यांगत्व नसलेलं, फक्त वर्गात एका जागी न बसणारं मूलही या अर्जाने घरी जातं. नकार शाळेने दिला, पण कागदावर तो आईचा निर्णय ठरतो. नंतर तक्रार करायला गेल्यावर हाच कागद तिच्यापुढे धरला जातो. या सगळ्यात मला सर्वांत अन्यायाचं वाटतं ते हे.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार सातांचे एकवीस झाले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यादीत आल्या. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं. घराचा पर्याय या कलमात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र तो तीव्र आणि अतितीव्र दिव्यांगत्वासाठी कायम ठेवला. एकाच मुलाला लागू होणारे दोन कायदे आणि एक धोरण यांचा मेळ अजून कुणी घालून दिलेला नाही. ज्याला जे सोयीचं, ते कलम तो दाखवतो.

शाळांची खरी अडचण शिक्षकाची आहे, ती नाकारून चालणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या स्तरांवर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. महाराष्ट्रात हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी होते, आणि एकेकाच्या वाट्याला अनेक गावं. २०२४ मध्ये राज्याने ४,८६० पदं मंजूर केली, शाळांच्या प्रत्येक समूहामागे (त्याला 'केंद्र' म्हणतात) एक. एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. तेव्हा रोज वर्गात बसणारा विशेष शिक्षक यातूनही मिळत नाही, पण जाब विचारायला एक कायम माणूस मिळतो.

दिव्यांग हक्क कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी समन्वय अधिकारी नेमायचा असतो. त्याचं नाव शाळेच्या फलकावर क्वचितच दिसतं. ते लेखी अर्ज देऊन विचारावं, आणि शाळेचा नकारही लेखीच मागावा. संमतीपत्र देऊन बसलेल्या पालकांना वाटतं की आता दार बंद झालं. तसं काही नाही. घरी शिकणाऱ्या मुलाने पुन्हा वर्गात येऊ नये, असं शिक्षणहक्क कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि त्यासाठी नव्या प्रवेशाचीही गरज नाही. हजेरीपटावर नाव आहेच.