कार्टूनचा मूळ आवाज आणि डबिंगचा आवाज

नागपुरात आवाज बदलून बोलणाऱ्या मुलाला शाळेच्या स्नेहसंमेलनापासूनच ‘तू कार्टूनला आवाज दे’ असे सांगितले जाते. त्यात दोन निराळी कामे आहेत, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

पहिले काम मूळ आवाजाचे. अमेरिकी टीव्ही मालिकांत संवाद बहुधा चित्रांच्या आधी ध्वनिमुद्रित होतात. नटासमोर संहिता आणि पात्राची काही रेखाटने एवढेच असते. ‘पोहे आण, पण तर्री जास्त’ हे वाक्य घेऊ. ते मुद्रित झाले की कोणते अक्षर कोणत्या फ्रेमवर पडते, याची नोंद एक्सपोजर शीटवर होते. सेकंदाला २४ फ्रेम असल्या, तरी एक चित्र अनेकदा दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. ‘पोहे’ आणि ‘पण’ यांतल्या ‘प’ला ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. नट ‘तर्री’वर रेंगाळला, तर अ‍ॅनिमेटर त्या रेंगाळण्यातून भुवईची आणि मानेची हालचाल काढतो. अशा पद्धतीत आवाज हाच चित्राचा कच्चा माल असतो, आणि म्हणूनच आवाज देणे आणि चित्रे हलवणे या दोन्ही कला एकाच माणसात फार चांगल्या नांदतात. अमेरिकी अ‍ॅनिमेटर सेथ मॅकफार्लेन यांनी रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिक्षण घेतले, हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओत काम केले आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या स्वतःच्या ‘फॅमिली गाय’ या मालिकेत पीटर, स्टुई आणि ब्रायन या तिन्ही पात्रांना आवाज दिला.

दुसरे काम डबिंगचे. त्यात चित्र पूर्ण झालेले असते आणि त्यावर कोणाचा तरी आवाजही आधीच असतो. पडद्यावरचे तोंड निम्म्याच वेळात मिटत असेल, तर वरचे वाक्य ‘तर्रीपोहे आण’ एवढ्यावर आणावे लागते. श्वास, हसू, ठसका यांच्या जागाही ठरलेल्या असतात. हे काम दुय्यम मानले जाते, ते मला मुळीच मान्य नाही. दुसऱ्याने आखलेल्या वेळेत खरी भावना भरणे अतिशय अवघड असते.

जपानमध्ये मूळ मालिकेचे संवादही बहुधा चित्रे पाहूनच बोलतात. तरीही नोबुयो ओयामा यांनी १९७९ ते २००५ या काळात डोरेमॉनला दिलेला आवाज डबिंग ठरत नाही, कारण ती मूळ भूमिकाच होती. आपल्याकडची मुले जो हिंदी डोरेमॉन ऐकतात, ते डबिंग आहे.

नागपूरच्या होतकरू कलाकाराने तयारीही त्यानुसार वेगळी करावी. मूळ आवाजासाठी एकांकिका आणि नभोनाट्य यांचा सराव उत्तम, कारण नभोनाट्यात पात्र केवळ आवाजातूनच उभे करावे लागते. डबिंगसाठी एखादे दृश्य आवाज बंद करून पाहावे, ओठ केव्हा उघडतात आणि मिटतात ते टिपावे, आणि मगच त्यावर बोलून पाहावे. मुलांच्या वाहिन्यांवर हिंदी डबिंगचे काम मोठे आहे, त्यामुळे नागपुरी हेल हवा तेव्हा आणता आणि नको तेव्हा टाळता आला पाहिजे.