विजेची खरखर आणि घंटाकृती वक्र : अतिनिम्न वारंवारतेवरील रेडिओ गोंगाटाची पार्श्वभूमी

वैशाखात माळव्यावर संध्याकाळचे ढग जमू लागले की इंदूरच्या जुन्या मराठी घरांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर, आकाशवाणीच्या इंदूर केंद्राचा, म्हणजे मालवा हाउसचा, ६४८ किलोहर्ट्झवरचा कार्यक्रम चालू असताना, मध्येच एक तुटक कर्रर्र उमटे, मग काही क्षण स्वच्छ आवाज आणि पुन्हा कर्रर्र. ही झाली मध्यम लहरींवरची ओळखीची खरखर. विजेतून निघणाऱ्या रेडिओ ऊर्जेचा मोठा भाग मात्र याहून बराच खाली, ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि जमीन व आयनांबर (वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीतून तो हजारो किलोमीटर जातो. म्हणून या पट्ट्यावर लावलेल्या इंदूरच्या एरिअलला जवळच्या महूवरची वीज जशी ऐकू येईल, तशीच आग्नेय आशियातलीही.

पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश पोचवण्यासाठी हाच पट्टा लागत असल्याने गोंगाटाचे मोजमाप निकडीचे ठरले. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास अमेरिकेच्या पुढाकाराने जगभर एकाच बनावटीची नोंदयंत्रे बसवण्यात आली. त्यांतले एक ठाणे नवी दिल्लीला होते. त्या नोंदींवर आधारलेला, ‘अहवाल ३२२’ या नावाने ओळखला जाणारा सीसीआयआरचा (आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीचा) अहवाल १९६४ मध्ये छापला गेला. त्यात चार ऋतू आणि दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग असे २४ जागतिक नकाशे आहेत. आपल्या वळिवाची संध्याकाळ मार्च ते मे, १६ ते २० वाजेपर्यंतच्या नकाशात सापडते.

नकाशा सरासरी शक्ती सांगतो, आणि खरी अडचण तिथेच होती. असंख्य बारीक, परस्परांशी असंबद्ध स्पंदने मिसळली तर बेरीज प्रसामान्य वितरणाकडे, म्हणजे घंटाकृती वक्राकडे झुकते. तसे झाल्यास आवरणाच्या, म्हणजे लहरीच्या क्षणोक्षणीच्या उंचीच्या, वर्गमध्यमूळ (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) आणि सरासरी मूल्यांचे गुणोत्तर नेमके १.०५ डेसिबल येते. जवळच्या विजांमुळे प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी मोठे निघते. हाच ‘व्हीडी’ आकडा अहवालात शक्तीच्या जोडीला दिलेला आहे, आणि माझ्या मते अहवालाचा खरा जीव नकाशांपेक्षा त्यातच आहे.

पुढचा प्रवास वक्राच्या या लांब शेपटीला, म्हणजे तुरळक पण फार मोठ्या स्पंदनांना, सूत्रात बसवण्याचा. हॉल यांनी १९६६ मध्ये टी-वितरणाच्या (घंटाकृतीच, पण लांब शेपटीच्या वक्राच्या) धर्तीचे प्रारूप मांडले. १९७८ मध्ये फील्ड आणि लेवेनस्टाइन यांनी दूरच्या विजांची प्रसामान्य पार्श्वभूमी आणि जवळच्या विजांचे आघात अशी सरळ विभागणी केली. मिडलटन यांची प्रारूपे याच दशकातली. ती मानवनिर्मित अडथळ्यांनाही लागू पडतात, पण त्यांची गणिते बरीच जड आहेत.

ही प्रारूपे मुख्यतः ‘आवाज किती मोठा’ हे सांगत, ‘केव्हा’ याचा पुरता हिशेब त्यांत नसे. एकाच विजेत पन्नासेक मिलिसेकंदांच्या अंतराने अनेक आघात होतात, त्यामुळे ते एकमेकांपासून स्वतंत्र मानणारी साधी प्वासाँ प्रक्रिया इथे अपुरी पडते. क्रिसन आणि फ्रेझर-स्मिथ यांनी २००३ मध्ये आघातांचे पुंजके गृहीत धरणारी प्वासाँ प्रक्रिया सुचवली. रेडिओवर ‘कट्’ असा एकच आवाज न येता कर्रर्र का येते, याचे गणित तिच्यात आहे.