गृहस्वच्छता सेवा, व्यावसायिक

ठरलेल्या मोबदल्यात, आपली माणसे, यंत्रे आणि रसायने घेऊन येऊन घराची साफसफाई करून देणारी सेवा. शहरी महाराष्ट्रात रोजचा केरवारा, लादी आणि भांडी ही कामे मुख्यतः घरकामगार स्त्रिया करतात. व्यावसायिक सेवा बोलावली जाते ती रोजच्या झाडलोटीत न येणाऱ्या कामांसाठी. पंख्यांवरची आणि माळ्यावरची धूळ, स्लायडिंग खिडक्यांच्या खाचांत साचलेली माती, चिमणीच्या जाळीवरचा तेलकट थर, न्हाणीघरातील टाइल्सवर चढलेले क्षारांचे पुट ही त्यांतील नेहमीची कामे होत. दिवाळीपूर्वीचे पंधरा-वीस दिवस या व्यवसायाच्या सर्वाधिक मागणीचे असतात. त्याखेरीज नव्या सदनिकेचा ताबा मिळाल्यावर, रंगकाम किंवा फर्निचरचे काम संपल्यावर आणि भाडेकरू बदलताना ही सेवा घेतली जाते.

हॉटेले, रुग्णालये आणि कार्यालये यांना हाउसकीपिंगची माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदारांकडून हा व्यवसाय घरांपर्यंत आला. २०१४ मध्ये ‘अर्बनक्लॅप’ या नावाने सुरू झालेल्या आणि २०२० पासून ‘अर्बन कंपनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीसारख्या ॲप-आधारित सेवांमुळे मध्यमवर्गीय घरांत तो रुळला. अलीकडे मोठ्या शहरांत तासाच्या हिशेबाने, काही मिनिटांत घरकामासाठी माणूस पाठवणाऱ्या सेवाही निघाल्या आहेत. त्यांत झाडलोट, लादी, भांडी अशी रोजचीच कामे होतात. ‘डीप क्लीनिंग’ची, म्हणजे कानाकोपऱ्यांपर्यंतच्या सखोल सफाईची, अपेक्षा त्यांच्याकडून ठेवता येत नाही. याशिवाय केवळ न्हाणीघर, केवळ स्वयंपाकघर किंवा केवळ सोफा व गाद्या एवढ्यापुरतीही स्वतंत्र सेवा मिळते.

दोन शयनकक्षांच्या सदनिकेची संपूर्ण सफाई करायला तीन-चार जणांच्या चमूला साधारणतः निम्मा ते पाऊण दिवस लागतो. चांगला चमू प्रथम घर फिरून पाहतो, आधीपासून असलेले तडे, ओरखडे आणि न निघणारे डाग ग्राहकाला दाखवून देतो आणि मगच कामाला हात घालतो. सफाईचा क्रम वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे असा असतो : आधी जळमटे, पंखे आणि माळे, मग खिडक्या, दारे आणि कपाटांचे पृष्ठभाग, त्यानंतर ओटा व न्हाणीघर आणि सर्वांत शेवटी फरशी. हा क्रम मोडला की पुसलेल्या लादीवर पुन्हा धूळ पडते आणि तेच काम दोनदा करावे लागते. शौचालयासाठी वापरलेले फडके ओट्याला लागू नये म्हणून निरनिराळ्या रंगांची मायक्रोफायबर फडकी वापरण्याची पद्धत रूढ आहे. एखादा चमू ती पाळतो की नाही, यावरून त्याच्या प्रशिक्षणाचा बराच अंदाज येतो. जंतुनाशकाच्या बाबतीतही तेच लागू पडते : ते फवारून लगेच पुसून टाकले तर त्याचा उपयोग होत नाही, बाटलीवर सांगितलेली काही मिनिटे पृष्ठभाग ओला राहावा लागतो.

सफाईतले बहुतेक नुकसान निष्काळजीपणापेक्षा पृष्ठभाग आणि रसायन यांचा मेळ न बसल्याने होते, म्हणून या भागाची माहिती ग्राहकालाही असणे आवश्यक आहे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड, म्हणजे क्षार अधिक असलेल्या, पाण्यामुळे नळांवर, काचांवर आणि टाइल्सवर जमणारे पांढरे पुट मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि ते आम्लात विरघळते. शौचालयासाठीच्या अनेक द्रवांत साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर सुटे मिळणारे ‘ॲसिड’ याहून बरेच तीव्र असते. मात्र संगमरवर, कोटा आणि जुन्या वाड्यांत व चाळींत आढळणारी शहाबादी फरशी हे दगडसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटचेच बनलेले आहेत. त्यामुळे जे आम्ल पुट काढते तेच या दगडांची झिलई खाऊन टाकते आणि पडलेला फिका डाग पुन्हा पॉलिश केल्याखेरीज जात नाही. लिंबू किंवा व्हिनेगर ‘घरगुती’ असले तरी तीही आम्लेच असल्याने या दगडांवर वापरू नयेत. विट्रिफाइड टाइल्सना आम्लाचा सहसा त्रास होत नाही, परंतु टाइल्समधल्या सांध्यांतील सिमेंट आम्लाने झिजते, नळांचा क्रोमचा मुलामा उडतो आणि स्टीलचे सिंक काळवंडते.

स्वयंपाकघरातील चिकट थर हा तेलाचा असल्याने तेथे आम्ल निरुपयोगी ठरते आणि अल्कधर्मी द्रव लागतो, कारण अल्कलीमुळे तेलाचे साबणीकरण होऊन ते पाण्यात सुटते. कॉस्टिक सोडा या कामी प्रभावी असला तरी तो ॲल्युमिनियमला खातो. म्हणून चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची आहे की स्टीलची, हे ती बुडवून ठेवण्यापूर्वी पाहिले पाहिजे. सर्वांत गंभीर धोका रसायने एकत्र करण्यात आहे. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि शौचालयाचे आम्लयुक्त द्रव एकमेकांत मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया यांच्या मिश्रणातून क्लोरामाइन वायू निघतात. छोट्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात हे अपघात जिवावर बेततात. तेथे काम चालू असताना एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवणे, दार उघडे ठेवणे आणि एका वेळी एकच द्रव वापरणे हे नियम कोणत्याही घाईत सोडण्यासारखे नाहीत.

सफाईने घाण निघते. झिजलेला पृष्ठभाग नवा होत नाही. वर्षानुवर्षे जड पाणी बसून खरखरीत झालेली काच, पिवळी पडलेली प्लास्टिकची स्विचबोर्डे, गंज धरलेली ग्रिले आणि सांध्यांत भरलेले, काळवंडलेले सिलिकॉन ही दुरुस्तीची किंवा बदलण्याची कामे होत. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यातील भिंतींवर येणारी बुरशी पुसून काढता येते, परंतु भिंतीतील ओल शोधून बंद केली नाही तर ती काही आठवड्यांत परत येते. कीडनियंत्रण, पाण्याच्या टाकीची सफाई, झुंबरे, जड कपाटे सरकवणे आणि भरलेल्या कपाटांची आतली सफाई या गोष्टी बहुधा मूळ दरात धरलेल्या नसतात. खिडकीच्या बाहेरच्या बाजूबद्दल स्पष्टच सांगायला हवे : ग्रिल नसलेल्या उंच मजल्यावरील खिडकीच्या कठड्यावर उभे राहून काच पुसण्यास कामगाराला सांगणे अयोग्य आहे आणि त्याने तसे नाकारले तर ती सेवेतील उणीव मानता येत नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही काही तयारी अपेक्षित असते. पैसे, दागिने आणि कागदपत्रे कुलपात ठेवावीत, फ्रिज आणि ओट्याखालचे कप्पे रिकामे करावेत, गृहसंकुलाच्या फाटकावर नोंद करून ठेवावी. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर सफाई त्या वेळेशी जुळवून घ्यावी किंवा आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे, ही अगदी साधी पण हमखास राहून जाणारी बाब आहे.

दर सहसा शयनकक्षांच्या संख्येवर किंवा चटईक्षेत्रावर आणि घर सामानाने भरलेले आहे की रिकामे यावर ठरतो. नोंदणीकृत व्यावसायिक त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या लहान व्यावसायिकाला महाराष्ट्रात सामान्यतः या नोंदणीची सक्ती नसते. ‘संपूर्ण घर’ एवढ्या मोघम शब्दांवर व्यवहार ठरवू नये. पंखे किती, न्हाणीघरे किती, चिमणीची आतली जाळी धरली आहे का, बाल्कनी धरली आहे का, हे लेखी असावे.

हे काम करणाऱ्यांची स्थिती हा या सेवेचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. महाराष्ट्रात घरकामगारांच्या संघटित लढ्याला मोठी परंपरा आहे : पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ च्या अधिनियमाने राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. सफाई कंपन्यांची माणसे मात्र बहुधा कंत्राटी असतात आणि ॲपवरून काम घेणाऱ्यांना कंपन्या कर्मचारी न म्हणता ‘भागीदार’ म्हणतात. अशा गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये प्रथमच करण्यात आली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा खाजगी घरालाही कामाचे ठिकाण मानतो. हातमोजे, मुखपट्टी, चांगली शिडी आणि पायांना पकड देणारी पादत्राणे कंपनीने दिली आहेत का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. तसेच पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहाचा वापर आणि जेवणाची सुट्टी या गोष्टी सवलत म्हणून देण्याच्या नाहीत, त्या कामगाराच्या हक्काच्या आहेत. काही गृहसंकुलांत या माणसांना लिफ्ट वापरू दिली जात नाही किंवा वेगळ्या लिफ्टने पाठवले जाते. सफाईचे काम विशिष्ट जातींवर लादणाऱ्या जुन्या व्यवस्थेचाच तो अवशेष आहे आणि तो नष्ट झाला पाहिजे.

काम संपल्यावर चमू घरात असतानाच प्रत्येक खोली उजेडात पाहून घ्यावी. राहिलेला कोपरा त्याच वेळी दाखवला तर तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे पुरा करून दिला जातो. मोडतोड झाली असल्यास आधीची आणि नंतरची छायाचित्रे व पावती जपून ठेवावी आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. पैसे देऊन घेतलेली ही सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि तेवढ्याने निवारण न झाल्यास ग्राहकाला आपण राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.